उपचार सापाला नव्हे, खोलीला

आज समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. काहींच्या घरी बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप आहेत आणि काही सर्पमित्र आहेत. कायद्याचं आधी बोलून घेते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. ती न केलेली माणसं आमच्यासारख्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे यायला कचरतात आणि दुखणं अंगावर काढलं जातं सापाच्या. नोंदणी कराच.

आता माइट. सापाच्या अंगावर राहून रक्त पिणारी ही बारीक परजीवी माइट, ऑफिओनिसस नॅट्रिसिस, जगभरच्या सापपाळ्यांची मोठी डोकेदुखी आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी खसखशीच्या दाण्याएवढी, काळपट लाल दिसते. एरवी पाण्यात फारसा न बसणारा साप दिवसच्या दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहिला, तर भांड्याचा तळ बघा. काळे ठिपके दिसतील. डोळ्याच्या कडेला जिथे खवला संपतो ती बारीक फट आणि हनुवटीखालची घडी भिंगातून तपासा. ओल्या पांढऱ्या टिश्यूमधून सापाला हळूच सरकू द्या, ठिपके कागदावर येतात. कात तुकड्यातुकड्यांनी निघायला लागली, तरी संशय घ्या.

बहुतेक जण इथेच फसतात. सापाला कोमट पाण्यात ठेवतात, माइट बुडून मरतात, दोन दिवस सगळं शांत होतं आणि मग पुन्हा सुरू. कारण मादी अंडी घालायला सापाच्या अंगावरून उतरते. तिला अंधारी, दमट फट लागते: साप ठेवलेल्या टबच्या कडेखाली, टब ठेवायच्या रॅकच्या सांध्यात, लपायच्या डब्याच्या आत, लाकडाच्या भेगेत. अंड्यातून निघालेली अळी काही खात नाही. ती पुढच्या अवस्थेत गेली की साप शोधायला निघते. पंचवीस ते तीस अंश तापमानात हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. मुंबईचा किंवा कोकणातला पावसाळा आठवा, आपण हवामान जणू तिच्यासाठीच राखलं आहे. त्यात नर नसला तरी मादी अंडी घालते. त्यातून नर निघतात आणि पुढची पिढी त्यांच्यापासून होते. म्हणजे एकच मादी नव्या सापाबरोबर आली, तरी अख्खी खोली भरू शकते.

म्हणून मी तुमच्या घरी आल्यावर साप नंतर बघते, आधी खोली बघते. खोलीतल्या सगळ्या सापांवर एकाच वेळी उपचार करायचे, ज्यांच्यावर काही दिसत नाही त्यांच्यावरही. टबमधला भुसा, नारळाचा काथ्या, लाकूड बाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचं. तळाला फक्त वर्तमानपत्र, रोज बदलायचं. प्लास्टिकच्या वस्तू कढत पाण्यातून काढायच्या, पन्नास अंशांच्या वर माइट टिकत नाही. टब आठवडाभर रिकामा ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला असं धरू नका, उपाशी माइट फटीत काही आठवडे तग धरते. हे सगळं किमान सहा आठवडे चालू ठेवायचं. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, ठिपकेही दिसेनासे होतात, आणि नेमकी तेव्हाच ढिलाई होते.

औषध डॉक्टरच्या हातूनच. कुत्र्याचा स्प्रे अंदाजाने सापावर मारू नका. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध दुकानात सहज मिळतं, पण कासवाला ते जीवघेणं आहे आणि बॉल पायथनमध्येही त्यानंतर मज्जासंस्थेचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि टबमध्ये डांबरगोळ्या? कृपा करून नको. बंद जागेत तो वास सापालाच बाधतो.

ही माइट नुसती रक्त पीत नाही. एरोमोनास हा जिवाणू ती एका सापाकडून दुसऱ्याकडे नेते. लहान पिल्लं तर नुसत्या रक्तक्षयाने जातात. माणसालाही चावते, मनगटावर खाज सुटणारे पुरळ येतात.

पोटातल्या परजीवींबद्दल मुख्य सांगणं एकच: विष्ठा ताजी आणा. पांढरा खडूसारखा भाग म्हणजे लघवीचा युरेट, त्याचा इथे उपयोग नाही. रिपोर्ट वाचतानाही सापाने काय खाल्लं ते विचारात घ्यावं लागतं. उंदराच्या पोटातल्या जंतांची अंडी, उंदराच्या अंगावरच्या माइट सापाच्या विष्ठेत जशाच्या तशा उतरतात. ते बघून सापाला जंताचं औषध पाजणं म्हणजे उंदराच्या रोगाची शिक्षा सापाला.

क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचंही तसंच. उंदरातली जातही विष्ठेत दिसते, म्हणून नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबू नका, जात ओळखणारी पीसीआर ही जनुकीय चाचणी करून घ्या. सापाची जात, क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस, जठराला सूज आणते. साप खाल्लेलं काही दिवसांनी ओकतो आणि शरीराच्या मध्यावर घट्ट फुगवटा हाताला लागतो. खात्रीचा इलाज आज नाही. साध्या ब्लीचने त्याचे अंडपुट, म्हणजे विष्ठेतून पडणारी त्याची जाड कवचाची अवस्था, मरत नाहीत. वाफ किंवा अमोनिया लागतो, आणि अमोनिया व ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. असा साप वेगळ्या खोलीत न्यायचा आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी करायचं.

घरात कासव असेल, तर त्याचं पाणी आणि भांडी सापाजवळ नकोत. एन्टअमीबा इन्व्हेडन्स हा एकपेशीय परजीवी कासवाच्या पोटात काही त्रास न देता राहतो. तोच सापाचं आतडं सडवतो.

आता सर्पमित्रांनो, तुमच्यासाठी. धामणीच्या खवल्यांखाली गोचीड तुम्ही पाहिली आहेच. सुटका केलेला साप ज्या पिशवीत घातला, ती न उकळता दुसऱ्या सापाला वापरू नका, आणि घरी पाळलेला साप असेल तर ती पिशवी त्या खोलीत नेऊच नका. उलट वाटही तितकीच धोक्याची आहे. फ्लोरिडात पाळण्यासाठी आणलेले बर्मी अजगर जंगलात गेले, आणि त्यांच्या फुफ्फुसातला रेलिएटिएला ओरिएंटॅलिस हा आशियातला परजीवी तिथल्या मूळ सापांमध्ये पसरला. आपल्याकडच्या नानेटीच्या, दिवडाच्या वाट्याला असं काही येऊ नये असं मला मनापासून वाटतं. नको झालेला पाळीव साप टेकडीवर सोडणं हा गुन्हा आहे, असंच मी मानते.

नवा साप नव्वद दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे वेगळे, भांडी वेगळी, आधी जुन्या सापांचं काम, मग नव्याचं. जागा नसेल तर नवा साप घेऊ नका.

आणि साप मेलाच, तर पुरून टाकू नका. पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, बर्फाने पेशी फाटतात आणि काही तपासता येत नाही. चोवीस तासांच्या आत शवविच्छेदनाला आणा. त्याच्या जठराचा एक तुकडा पाहिला की उरलेल्या सापांना काय द्यायचं ते कळतं.