राहत्या घराची शाकारणी

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात कौलं परतायचं काम निघतं. माणसं घरातच राहतात, चूल पेटतेच, जनावरं गोठ्यातच असतात आणि वर एकेक ओळ उतरत जाते. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याचा ठोकताळा एकच होता: संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच उघडायचं. वळवाचा काय भरवसा?

उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी यंत्रणासुद्धा अशीच सुधारावी लागते. सांबऱ्याला उतरणारं विमान, चोर्ला घाटातला ट्रक, आमच्यासारखे जमीन मोजणारे, सगळे तिच्यावर अवलंबून. दुरुस्तीसाठी एक दिवस जीपीएस बंद, असं चालत नाही.

म्हणून पहिला ठोकताळा, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो: जुन्याला हात लावायचा नाही, नवं त्याच्या शेजारी उभं करायचं. सामान्य नागरिकांसाठीचा मूळ सिग्नल आजही १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. २००५ पासून दुसरा नागरी सिग्नल आणि २०१० पासून एल-फाइव्ह नावाचा तिसरा, असे नवे सिग्नल नव्या उपग्रहांतून येऊ लागले, पण जुन्या यंत्रांचं काम अडलं नाही.

दुसरा ठोकताळा मोजदादीचा, आणि तो मी स्वतः अनुभवला. उपग्रहाच्या जुन्या संदेशात आठवडे मोजायला दहाच बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा दहाच घरांची, जागा होती. म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. २०१९ साली हे नेमकं गुढीपाडव्याच्या रात्री घडलं. सोमवारी, ८ एप्रिलला, मी एका शेताच्या बांधावर यंत्र लावलं. बांधाचा दगड बरोबर जागेवर दिसला, पण तारीख आली २३ ऑगस्ट १९९९! त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मला हातानं दुरुस्त कराव्या लागल्या. नव्या संदेशात तेरा बिटं आहेत, म्हणजे जवळजवळ १५७ वर्षांची सोय. आकड्याला जागा ठेवताना नातवंडांच्या हिशेबानं ठेवावी.

जमिनीवरचा बदलही तितकाच जपून करावा लागतो. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत जीपीएसच्या नियंत्रण केंद्रातलं सॉफ्टवेअर बदललं आणि लष्कराचे सुमारे १०,००० रिसीव्हर अडले. उपग्रह ठणठणीत होते. लोकांच्या हातात जी यंत्रं आहेत, त्यांतल्या प्रत्येक जातीवर आधी तपासूनच बदल करायला हवा.

आता आपल्या नाविकबद्दल, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या भारताच्या स्वतःच्या यंत्रणेबद्दल. या व्यवस्थेत सेकंदाचा एक अब्जावा भाग चुकला तर अंतर फूटभर चुकतं, म्हणून अणुघड्याळ हा तिचा जीव. २०१३ साली गेलेल्या पहिल्या उपग्रहात अशी तीन घड्याळं होती, एक बिघडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. पण तिन्ही एकाच परदेशी बनावटीची, आणि तिन्ही बंद पडली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांना हे सांगायला नको. एका कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला की त्याच हीटमधली, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या धातूची, सगळी कास्टिंग बाजूला काढतात. एकाच घाण्यातून आलेली वस्तू राखीव म्हणून मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.

२९ मे २०२३ ला गेलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ बसलं, याचा मला फार आनंद झाला. त्याच उपग्रहापासून नाविकचा सिग्नल एल-वन, म्हणजे जीपीएसच्या त्या मूळ नागरी सिग्नलच्या पट्ट्यातही येऊ लागला. साध्या मोबाईलमधल्या चिपा हाच पट्टा ऐकतात. तो पहिल्या दिवसापासून हवा होता. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेला, पण एक झडप उघडली नाही म्हणून तो ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

श्रोतेहो, तुमच्याकडे जुना हातातला जीपीएस असेल तर त्यावरची तारीख आजच बघून ठेवा. ते दहा बिटांचं चक्र पुन्हा शून्यावर येईल २१ नोव्हेंबर २०३८ ला, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास. रविवार असेल, आणि खानापुरात भाताची मळणी चालू असेल.