शून्य टक्क्यांचा रकाना

मित्रहो, व्यापार करारांवर बोलायचं म्हटलं की लोक निर्यातीचे आकडे मांडू लागतात. मी मात्र एका शून्यापासून सुरुवात करणार आहे.

२०१८ मध्ये इंडोनेशियानं आपल्या आयातशुल्काच्या तक्त्यात नव्याण्णवावं प्रकरण घातलं. त्यातला माल म्हणजे सॉफ्टवेअर आणि इंटरनेटवरून येणारी इतर डिजिटल उत्पादनं. शुल्क किती? शून्य टक्के! एक पैसाही वसूल करायचा नव्हता, तर मग रकाना कशाला आखला?

यासाठी वीस वर्षं मागे जावं लागतं. मे १९९८ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी ठरवलं, की इलेक्ट्रॉनिक प्रसारणावर, म्हणजे इंटरनेटसारख्या मार्गानं येणाऱ्या डिजिटल मालावर, आयातशुल्क लावायचं नाही. ही व्यवस्था तात्पुरती होती, पण तिला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. तेव्हा चित्रपट रिळात, गाणी कॅसेटमध्ये, पुस्तकं खोक्यांत यायची आणि बंदरावर शुल्क भरून सुटायची. पुढे खोकीच येईनाशी झाली. भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशिया हे देश म्हणू लागले, की आम्ही सोडलेलं शुल्क किती, हे तरी एकदा मोजू या.

आता माझं मत विचाराल, तर फाइलींवर आयातशुल्क लावण्यात फारसं शहाणपण नाही. सॉफ्टवेअर महाग झालं तर पहिला फटका देशातल्याच छोट्या उद्योजकाला बसेल, आणि विक्रीवरचा कर लावायला तसाही कोणी मज्जाव केलेला नाही. पण लावायचं की नाही हे ठरवायचं कोणी? इंडोनेशियाचा रकाना त्या हक्काची खूण होता. घरात राहत नसलो तरी सातबाऱ्यावर नाव ठेवतो, तसं काहीसं.

आज गरज नाही म्हणून सोडलेला हक्क उद्या किती कामाचा ठरेल, हे आधी कळत नाही. भारतानं १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नाकारलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला दिलं. त्या मोकळीकीतून इथला औषधउद्योग उभा राहिला. दक्षिण कोरियातही अमेरिकेच्या दबावानंतर, १९८७ मध्ये, औषधांना उत्पादन-पेटंट मिळू लागलं. तोवर तिथले कारखाने दुसऱ्याचं औषध उलगडून शिकत होते. १९९५ मध्ये पेटंटसारख्या बौद्धिक संपदेच्या हक्कांचा ट्रिप्स करार आला आणि ही वाट अरुंद होत गेली. अल्पविकसित देशांना सवलत आहे, तीही मुदतीची.

द्विपक्षीय आणि प्रादेशिक करार ट्रिप्सच्याही पुढे जातात. आज मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सोर्स कोडच्या, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ मजकुराच्या, कलमाची. प्रशांत महासागराकाठच्या देशांच्या ट्रान्स-पॅसिफिक व्यापार करारात ते आलं: सॉफ्टवेअर विकू देण्याच्या बदल्यात सरकारनं त्याचा सोर्स कोड मागायचा नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या २०२० पासून लागू झालेल्या करारात या मनाईत अल्गोरिदमही, म्हणजे संगणक ज्या पायऱ्यांनी निर्णय घेतो त्याही, आले. चौकशीपुरते अपवाद आहेत, नाही असं नाही. पण कर्ज कोणाला द्यायचं, नोकरीला कोणाला बोलवायचं हे संगणक ठरवू लागला असताना, तपासणीचा कायदा लिहिण्याआधीच त्याच्या मर्यादा करारात लिहून ठेवायच्या, ही उलटी गंगा झाली. गंमत अशी, की ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द अमेरिकेनंच जागतिक व्यापार संघटनेतल्या वाटाघाटींत या मागणीवरून हात काढून घेतला. आपल्याच कंपन्यांना आवर घालायचा कायदा करायची वेळ आली तर वाट मोकळी असावी, हे तिच्या लक्षात आलं. ज्या छोट्या देशांनी तोवर सह्या केल्या होत्या, त्यांनी काय करायचं?

करारानं तंत्रज्ञानाचं नेहमी नुकसानच होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेबरोबरच्या करारावर कोस्टा रिकानं ७ ऑक्टोबर २००७ ला थेट सार्वमत घेतलं. सरकारी संस्थेची दूरसंचार मक्तेदारी मोडायची का, हा त्यातला एक मोठा वाद. कराराच्या बाजूची मतं निम्म्याहून जेमतेम जास्त भरली. पुढे २०११ मध्ये खासगी मोबाइल कंपन्या आल्या आणि ग्राहकाला निवड मिळाली. निर्णय पटो न पटो, काय देतोय हे लोकांना विचारून दिलं होतं. एरवी वाटाघाटीच्या मेजावर वाणिज्य खातं असतं, आणि तंत्रज्ञान खात्याला मसुदा दिसतो तेव्हा स्वल्पविरामसुद्धा हलत नाही.

त्या रकान्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिका आणि इंडोनेशियाचं संयुक्त निवेदन आलं. अमेरिकेचं आयातशुल्क कमी करून घेण्यासाठी इंडोनेशियानं जी आश्वासनं दिली, त्यांत हे एक होतं: अमूर्त उत्पादनांच्या, म्हणजे त्याच डिजिटल मालाच्या, शुल्क-नोंदी तक्त्यातून काढून टाकू. त्यावरचा दर तेव्हाही शून्यच होता.