इंजिन बदललं आन् गाडीचं नाक खाली आलं

हे कोल्हापूरचं उद्यमनगर. शेतातल्या विहिरींवर धडधडणारी ऑइल इंजिनं या गल्ल्यांत बनली, त्यामुळं इंजिन उतरवणं-चढवणं इथं कुणाला नवं नाही.

ही पिकअप आमच्या काकांची, गूळ वाहते. जुनं इंजिन बसलं म्हणून दुसरं टाकलं, जरा जड, आरटीओची परवानगी काढून आरसीवर नंबर पण चढवला, आणि गाडी खाली सोडली तर पुढनं वाकलेली, दोन्ही चाकं वरनं आत झुकलेली. आम्ही घाईत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून आणले. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा झुकाव, हाताबाहेर गेलेला, नुसता टो जुळला, म्हणजे वरनं बघितलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर ते, आणि दोन महिन्यात टायरची आतली कड सफाचट.

मिस्त्रीमामांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "आधी गाडीची पुढची उंची बघायची हो, अलाइनमेंट मागनं."

या गाडीला पुढं स्प्रिंगचा पाटा नाही, टॉर्शन बार आहे. म्हणजे लांब गज, एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चासीखाली बोल्टवर टेकलेलं. चाक वर उचललं की गज पिळला जातो, हीच त्याची स्प्रिंग. बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते. पण बोल्ट आवळून गज कडक होत नाही, फक्त गाडी उचलली जाते, आणि हे लई जणांना पटतच नाही. उंची पहिल्यासारखी आली की थांबायचं, त्याच्या वर नेली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि बॉल जॉइंटवर, म्हणजे आर्म आणि चाकाच्या सांध्यावर, ताण येतो.

हे बघा, टेप हबच्या मधोमध लावलाय, वर मडगार्डच्या कडेपर्यंत. डावीकडं 41 सेंटिमीटर, उजवीकडं 42. गाडी जॅकवर, खाली घोड्या म्हणजे लोखंडी टेकू, चाकं मोकळी, मग बोल्टवर खडूची खूण करून दोन फेरे. खाली सोडल्यावर लगेच मापायचं नाही, गाडी चार पावलं पुढं-मागं ढकलायची, तेव्हा टायर सरळ बसतात. डावीकडं अजून दोन फेरे लागले.

मग अलाइनमेंट, आधी कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढं-मागं झुकाव) आणि कॅम्बर, शेवटी टो. हेडलाइटचा झोत पण खाली आणावा लागला, पुढची बाजू वर आली की तो समोरच्याच्या डोळ्यात जातो.

कागलपर्यंत जाऊन आलो, स्टेअरिंग सोडलं तरी गाडी सरळ. मामांनी परत टेप लावला. डावी बाजू पाच मिलिमीटर बसली होती. "घोडी आण," म्हणाले, आणि पाना घेऊन परत खाली शिरले.