वेंगुर्ल्याने कचऱ्याचं करून दाखवलं, आता पाण्याचं करूया

नमस्कार मंडळी. सकाळचे सव्वासात वाजलेत आणि मी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात, आमच्या घराच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभी आहे. आता घंटागाडी येईल. आली की बघा काय होतं ते.

(गाडी येते. डबे दाखवणे.)

बघितलंत? माझ्या ओल्या कचऱ्याच्या डब्यातून गाडीवरच्या ताईंनी करवंटी वेचून बाहेर काढली आणि मला म्हणाल्या, "ही ह्यात नको गो, सुक्यात घाल." दोन सेकंदांचं काम. पण या दोन सेकंदांवर आमच्या गावाचं नाव देशभर झालंय, म्हणून आजचा व्हिडिओ.

वेंगुर्ला नगरपरिषद 1876 सालची. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेबारा हजारांच्या आसपास होती. म्हणजे 'क' वर्ग, सगळ्यात लहान गटातली नगरपरिषद, उत्पन्न बेताचं, घरपट्टी-पाणीपट्टी आणि वरून येणारं अनुदान. अशा गावात साधारण दहा वर्षांपूर्वी मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी कचरा घरातच वेगळा करायचा असं ठरवलं आणि ते तडीस नेलं. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, काच-धातू वेगळं. गाडीवर पुन्हा तपासणी, डेपोवर त्याहून बारीक वर्गवारी. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, पातेऱ्यापासून, म्हणजे वाळक्या पानांपासून, कांडी कोळसा, पातळ प्लास्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्ते. जिथे नाक धरून जायचो त्या डंपिंग ग्राउंडला पुढे 'स्वच्छ भारत पर्यटनस्थळ' म्हणायला लागले आणि बाहेरगावचे लोक ते बघायला येऊ लागले. कोकरे पुढे कर्जतला गेले, नंतर कल्याण-डोंबिवलीला. वेंगुर्ल्याचं गाडं मात्र चालू राहिलं.

का चालू राहिलं, हे नीट समजून घेऊया. लोकांना वाटतं यंत्रं आणली म्हणून झालं. यंत्रं बऱ्याच गावांनी आणली, आणि ती गंजली. खरी गोष्ट आहे दुधाच्या पिशवीची. माशाची खवलं आणि दुधाची पिशवी एका डब्यात गेली, की खवलांचं खत होत नाही, कारण त्यात प्लास्टिक. आणि पिशवी भंगारवाला घेत नाही, कारण तिला वास. दोन कामाच्या वस्तू एकत्र आल्या आणि कचरा झाला. वेगळ्या ठेवल्या तर कचरा झालाच नाही. हे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशीच होतं, दुसरीकडे कुठेच होत नाही. म्हणून नगरपरिषदेचं सगळ्यात मोठं यश मला तो बायोगॅस प्लँट वाटत नाही. रोज सकाळी दारात येऊन करवंटी वेचून काढणाऱ्या त्या ताई, हे आमचं यश.

आता पुढचं. 2021 च्या अखेरीला नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट डिसेंबर 2025 मध्ये झाली. मधली चार वर्षं प्रशासक. गाडी येत होती, दिवे लागत होते. पण आपल्या प्रभागाचं म्हणणं सभागृहात मांडणारं कोणी नव्हतं. त्यामुळे आता पहिलं काम कुठलं, यावर गावात मोकळेपणी बोलायला हवं. रस्ते, पार्किंग, मे महिन्यात सागरेश्वरच्या किनाऱ्यावर होणारी गर्दी, सगळं आहेच. माझं मत विचाराल तर पहिलं काम जमिनीखाली आहे.

आपल्या घरांना भुयारी गटार नाही. प्रत्येकाच्या परसात संडासची टाकी आणि तिला जोडलेला शोषखड्डा. टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी खड्ड्यात मुरतं. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर तो पाण्याबरोबर खड्ड्यात जातो. आणि आपली जमीन जांभ्याची. हा बघा जांभ्याचा चिरा.

(चिरा हातात, वरून तांब्याने पाणी ओतणे.)

ही सगळी भोकं बघताय ना? याच भोकांमुळे आपल्याकडे पाऊस इतका कोसळूनही मार्च-एप्रिलला विहिरी खडखडीत होतात. वरचं पाणी झरझर खाली जातं, आणि संडासचंही तसंच जातं. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात पंधरा-वीस मीटर तरी अंतर हवं. जुन्या आगरात, म्हणजे घराभोवतीच्या माडांच्या बागेत, ते असायचं. आता त्याच आगराचे चार तुकडे होऊन चार घरं उभी राहिलीत, आणि शेजाऱ्याचा खड्डा आपल्या विहिरीला खेटलाय.

आमच्याच विहिरीचं सांगते. गेल्या वर्षी पहिल्या पावसानंतर पाण्याला वास आला. आईने ते पाणी झाडांनाही घालू दिलं नाही. नळाचं पाणी होतं म्हणून निभावलं. पण नळाला पाणी देणारा निशाण तलाव सगळ्यांना किती पुरणार? उन्हाळ्यात ज्या विहिरींना पाणी उरतं त्याच हाताशी लागतात.

मग नगरपरिषदेने काय करावं? जे कचऱ्यात केलं तेच. टाकी भरून वाहायला लागल्यावर फोन करायचा, ही पद्धत बंद. घराघराची नोंद करायची, कुठल्या वर्षी कुठल्या प्रभागाची पाळी ते आधीच जाहीर करायचं, आणि उपसणारी गाडी घंटागाडीसारखी दारात आणायची. पैसे थोडे थोडे घरपट्टीबरोबर घ्यायचे, म्हणजे एकदम भुर्दंड नको. माणसाला टाकीत उतरवायचं नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा 2013 चा कायदा तसा आहे, आणि माणूस उतरवणं आपल्या मनालाही पटायला नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उपसलेला गाळ रात्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडला जाऊ नये. त्यावर प्रक्रिया करायची जागा आधी, गाडी नंतर.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला होता. म्हणजे हा खर्च चैनीचा नाही, हे दिल्लीलाही मान्य आहे. पुढच्या अर्थसंकल्पाच्या सभेआधी आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा, की या कामासाठी वेगळी रक्कम धरली आहे का, आणि किती.

आमची टाकी शेवटची कधी उपसली ते मी बाबांना विचारलं. त्यांना आठवेना. आईला आठवलं : माझ्या लग्नाच्या आधी. त्याला अकरा वर्षं झाली. तर या शनिवारी गाडी बोलावली आहे. झाकण उघडल्यापासून गाळ कुठे जाऊन पडतो तिथपर्यंत, मी कॅमेरा घेऊन त्या गाडीच्या मागे जाणार आहे. पुढच्या व्हिडिओत तेच दाखवते.