आभाळातून पडणारी ज्वारी

पावसाळ्यात दक्षिण सुदानमधले कच्चे रस्ते चिखलात बुडतात. मग ज्वारी आभाळातून येते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं इल्यूशिन-76 मालवाहू विमान मोकळ्या माळावर घिरट्या घालतं, मागचं दार उघडतं आणि सुमारे 30 टन धान्याची पोती खाली सुटतात. धान्याला पॅराशूट नसतं. आदळून फुटू नये म्हणून पोत्यावर पोतं चढवलेलं असतं, तरी काही फुटतातच. बाया ते मातीतलं धान्य झाडून, वेचून, पाखडून घेतात. दाणाही मागे राहू देत नाहीत.

हीच ज्वारी इथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. दक्षिणेकडच्या इक्वेटोरियाच्या हिरव्या पट्ट्यात तर वर्षाला दोन पिकं निघतात. मग 2011 मध्ये स्वतंत्र झालेला हा देश परक्याच्या पोत्याची वाट का पाहतो?

'फुकटच्या धान्याने माणसं आळसावली,' असं सर्रास बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. पेरणीपासून कणीस भरेपर्यंत ज्वारीला तीन-चार महिने लागतात, काही वाणांना त्याहून जास्त. तेवढे दिवस शेतकऱ्याला गावात टिकता आलं पाहिजे. डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली आणि नेमकं तेच अशक्य झालं. फेब्रुवारी 2017 मध्ये युनिटी राज्यातल्या लीर आणि मायेनडिट भागांत दुष्काळ जाहीर झाला, तो मुख्यतः लढाईने आणलेला होता. गुरं लुटली गेली, उभी पिकं जळाली. माणसं दलदलीतल्या बेटांवर लपली आणि पाणकमळांचे कंद खाऊन जगली.

मदतीतून चांगलंही उभं राहिलं. राजधानी जुबा ते युगांडाच्या सीमेवरचं निमुले हा देशातला पहिला मोठा डांबरी महामार्ग 2012 मध्ये अमेरिकेच्या पैशातून पुरा झाला. त्याच रस्त्याने जुब्याच्या बाजारात युगांडाचा मका येतो.

जुलै 2016 मध्ये जुब्यात पुन्हा गोळीबार झाला आणि लढाई इक्वेटोरियात, येई नावाच्या गावाच्या शिवारापर्यंत पोचली. देशाला खाऊ घालू शकणारे शेतकरीच सीमेपार गेले. ऑगस्ट 2017 पर्यंत युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासितांची संख्या 10 लाखांवर गेली. बिडीबिडीच्या वसाहतीत कुटुंबाला घरापुरता जमिनीचा तुकडा मिळाला. धान्याच्या रांगेत उभं राहणाऱ्या त्याच माणसांनी झोपडीच्या कडेची माती उकरली आणि तिथे भेंडी, चवळी पेरली.