तुआतुआ

[ओहोटीचा किनारा, सकाळ. लाटांचा आवाज. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.]

ही माणसं नाचत नाहीयेत.

घोटाभर पाण्यात उभं राहायचं, टाचा वाळूत रुतवायच्या आणि कंबर डावीउजवीकडे फिरवत राहायचं. वाळू सैल होते, पाय खाली जातो आणि तळव्याला काहीतरी टणक लागतं. वाकून उचललं की हातात शिंपली. नाव तुआतुआ. कोकणातली कुणीही बाई हे पाहून म्हणेल, या तर आपल्या तिसऱ्या! अगदी तिसऱ्या नव्हेत, आकाराने चांगल्याच मोठ्या आहेत, एका अंगाने जरा तिरक्याही. पण जात शिंपल्यांचीच, आणि जायच्याही पातेल्यातच.

हा न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा किनारा, बे ऑफ प्लेंटी. शहर टाउरांगा, आणि ही लांबलचक पुळण पापामोआची.

[पॉलिटेक्निकचं आवार. बसमधून उतरणारी मुलं. गमबूट, बादल्या.]

आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की दहावीनंतरचा डिप्लोमा, लेथ मशीन, ड्रॉइंगची गुंडाळी. इथल्या पॉलिटेक्निकमध्ये सुतारकामही आहे, नर्सिंगही आहे आणि समुद्रशास्त्रही. बे ऑफ प्लेंटी पॉलिटेक्निक हे त्याचं जुनं नाव. 2016 मध्ये रोटोरुआचं वायअरिकी हे तंत्रनिकेतन त्यात विलीन झालं आणि दोघांची मिळून तोइ ओहोमाइ ही संस्था उभी राहिली. मोठ्या विद्यापीठांच्या मानाने छोटीच. पण समुद्र दाराशी, आणि शिकणारी बरीच मुलं याच किनाऱ्यावर वाढलेली. कुठल्या खडकाला काय चिकटलेलं असतं, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असतं.

[रात्रीचा समुद्र. मग 2011 ची दृश्यं: तिरकं झालेलं जहाज, घसरलेले कंटेनर.]

5 ऑक्टोबर 2011. पहाटेचे साधारण सव्वादोन. समुद्र शांत. नेपियरहून निघालेलं रीना हे 236 मीटर लांबीचं मालवाहू जहाज टाउरांगा बंदर वेळेत गाठायच्या घाईत होतं. त्यासाठी ठरलेल्या मार्गात थोडी थोडी काटछाट केलेली. नकाशावर स्पष्ट दाखवलेल्या ॲस्ट्रोलेब खडकावर ते पूर्ण वेगात चढलं. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, माओरी लोक, या खडकाला ओटाइटी म्हणतात. जहाजावर 1,368 कंटेनर आणि सुमारे 1,700 टन जड इंधन तेल.

मुंबईकरांना हे चित्र अनोळखी नाही. त्याच्या चौदाच महिने आधी, 7 ऑगस्ट 2010 ला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली होती. तरंगणारे कंटेनर, काळी पडलेली खारफुटी आणि मासळी घ्यावी की नाही या विवंचनेत उभं असलेलं गिऱ्हाईक, आठवत असेल.

[काळी लाट. पांढऱ्या सूटमधली माणसं, फावडी, पोती.]

10 ऑक्टोबरला तेल किनाऱ्याला लागायला सुरुवात झाली. एकूण साडेतीनशे टनांच्या आसपास तेल समुद्रात गेलं. आठ हजारांच्या वर लोक आपणहून साफसफाईला आले.

[पेंग्विनला धुणारे हात. निवेदन नाही.]

जगभर गाजली ती ही दृश्यं. गाजणारच. पण आम्ही इथे आलो ते पुढच्या दृश्यासाठी.

[प्लॅस्टिकच्या पाइपांची चौकोनी चौकट वाळूवर टाकली जाते.]

ही चौकट. किनाऱ्याला काटकोनात एक दोरी ताणायची, ठरलेल्या अंतरावर चौकट टाकायची आणि चौकटीच्या आतलं सगळं उकरून चाळायचं. जागा आपल्या मर्जीने निवडायची नाही. जिथे जास्त शिंपल्या दिसतात तिथे हात आपोआप जातो, आणि आकडा तिथेच खोटा पडतो. सापडलेली प्रत्येक तुआतुआ व्हर्नियरने, म्हणजे लांबी बारकाईने मोजायच्या मापाने, मोजायची. हो, तोच व्हर्नियर, आपल्या वर्कशॉपमधला.

तुआतुआच का? कारण ती पळून जाऊ शकत नाही. मासा दूर जातो, पक्षी उडतो. ही मात्र वाळूत बसून दिवसभर पाणी आत ओढते, गाळते, बाहेर टाकते, आणि पाण्यातलं बरंच काही तिच्या मांसात राहतं. तेलातली पीएएच नावाची संयुगंही राहतात, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण ठरू शकतात. समुद्राच्या पाण्याची बाटली भरली तर ती त्या क्षणापुरतं सांगते. शिंपली गेल्या कित्येक दिवसांचा हिशेब सांगते.

[काचेची बरणी, ॲल्युमिनियमची फॉइल, बर्फाचा डबा.]

नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा नाही, कारण प्लॅस्टिकमधलंच काही त्यात उतरू शकतं. म्हणून काचेची बरणी, झाकणाखाली फॉइल. हाताला सनस्क्रीन नको. बोटीचं इंजिन जवळ चालू नको, त्याचा धूरसुद्धा मोजणीत येतो. बरणीवर जागा, तारीख, वेळ, भरतीओहोटीची स्थिती. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. पेनाची शाई खाऱ्या पाण्यात पसरते. मग थेट बर्फात.

कंटाळवाणं काम आहे. त्याला कॅमेरा लागत नाही, मंत्री येत नाहीत. पण तेल येण्याआधी इथे काय होतं हा आकडा हातात नसेल, तर नंतरच्या आकड्याला कोर्टात आणि स्वयंपाकघरात सारखीच किंमत: शून्य. आणि हा आधीचा आकडा अपघातानंतर विमानाने आलेल्या तज्ज्ञाजवळ कुठून असणार? तो जवळ राहणाऱ्याकडेच असतो.

[चार संस्थांची माणसं एका टेबलाभोवती.]

रीनानंतरच्या पाहणीसाठी जी आघाडी झाली तिचं नाव ते मौरी मोआना. वायकाटो आणि कँटरबरी ही दोन विद्यापीठं, आवानुइआरांगी ही माओरी विद्यासंस्था, आणि पॉलिटेक्निक. सरकारी पुनरुज्जीवन आराखड्याचं उद्दिष्ट वाचताना मी थबकलो. तिथे 'प्रदूषण कमी करणे' असं लिहिलेलं नाही. बाधित पर्यावरणाचं मौरी रीनापूर्व स्थितीला आणणे, असं आहे. मौरी म्हणजे जिवंतपणा, आपण 'जागेत जीव आहे' म्हणतो ना, त्याच्या जवळचं काहीतरी. शासकीय कागदात हा शब्द, आणि तो गाठण्यासाठी व्हर्नियर.

तेल आलं तेव्हा तुआतुआमधल्या पीएएचचा आकडा चढला. पुढच्या काही महिन्यांत तो उतरला.

[नर्सिंगचा सरावकक्ष. खाटेवर पुतळा, भोवती चार मुली आणि एक मुलगा.]

त्याच संस्थेतला हा दुसरा वर्ग. इथे नाडी बघायला शिकवतात, आणि आणखी एक गोष्ट शिकवतात. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने आग्रह धरला, आणि 1992 पासून न्यूझीलंडच्या नर्सिंग अभ्यासक्रमात या गोष्टीला जागा मिळाली. कावा फाकारुरुहाउ, सांस्कृतिक सुरक्षितता. रुग्णाला सुरक्षित वाटलं की नाही, हे परिचारिकेने ठरवायचं नाही, रुग्णाने ठरवायचं.

तेलाच्या त्या दिवसांत आरोग्य खात्याची सूचना साधी होती: शिंपल्या काढू नका, खाऊ नका. कागदावर एक ओळ. पण माओरी घरात पाहुण्यापुढे समुद्रातलं अन्न ठेवता न येणं म्हणजे यजमानाची मान खाली जाणं. आपल्याकडे दारी आलेल्याला 'चहा नाही' म्हणून पाहा. ही सूचना घेऊन घरात शिरणाऱ्या परिचारिकेला शिंपलीतलं पीएएच कळायला हवं, आणि त्या घरातली ती रिकामी थाळीही.

[बंदर. क्रेन. कोर्टाची इमारत, बाहेरून.]

कप्तान आणि दुय्यम अधिकाऱ्याला सात-सात महिन्यांची कैद झाली. सरकारचा खर्च सुमारे 4.7 कोटी न्यूझीलंड डॉलर, मालक कंपनीने तडजोडीत दिले 2.76 कोटी. दोन हजारांवर पक्षी मेलेले सापडले. जहाजाचे अवशेष आजही खडकावर आहेत. ऑगस्ट 2021 पासून ओटाइटी आणि आसपासच्या भागात मासेमारीला बंदी आहे, जवळच्या मोटिटी बेटावरच्या लोकांनी ती लढून मिळवली.

[पुन्हा पापामोआ. पाणी वर चढतंय.]

भरती सुरू झाली आहे. दोरीवरच्या तीन चौकटी अजून बाकी आहेत. मोजून झालेली ही तुआतुआ, लांबी 61 मिलिमीटर, बरणीत जाणार नाही; आज फक्त गणती आहे. मुलगी ती ओल्या वाळूवर ठेवते.

[तुआतुआ पाय बाहेर काढते. आडवीची उभी होते. वाळूत उतरते. निवेदन नाही.]