653 शर्यती आणि सत्तर नंबरची गाडी

[जुना फोटो. टोपी, जाड भिवया, तोंडात सिगार.]

हा जॉन डेल्फस मॅकडफी. शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांचा जे.डी. नॉर्थ कॅरोलायनामधल्या सॅनफर्ड गावचा. तोंडातला सिगार नीट बघून ठेवा. गाडी ट्रॅकवर पळत असतानाही तो तिथेच असायचा, दातांत घट्ट धरलेला.

नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींची संघटना. तिच्या सर्वोच्च मालिकेत 1963 ते 1991 या काळात जे.डी. 653 शर्यती धावला. जिंकली एकही नाही. विजयाविना इतक्या शर्यती या मालिकेत दुसरं कुणीच धावलेलं नाही. त्याचं नाव निघालं की लोक एवढंच सांगतात आणि पुढे जातात. त्याच्या कारकिर्दीच्या तक्त्यात शेजारच्या रकान्यात 106 हा आकडा आहे, तो कुणी वाचत नाही. इतक्या वेळा तो पहिल्या दहांत आला. 1971 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माल्टा गावच्या ट्रॅकवर तिसरा, आणि त्या मोसमाच्या गुणतक्त्यात नववा.

[गॅरेज. उघडं बॉनेट, ग्रीसनं काळे झालेले हात.]

हे हात बघा. मोठ्या संघांत इंजिनला वेगळा माणूस, टायरला वेगळा, पैसा पुरवायला कंपनी. इथे मालक जे.डी., मेकॅनिक जे.डी. आणि स्टिअरिंगवरही जे.डी. रविवारी बक्षिसाचे जे पैसे हाती येतील, त्यातून पुढच्या शर्यतीचं सामान. इंजिन फार ताणलं आणि फुटलं, तर पुढचा रविवार गेलाच. म्हणून गाडी जपायची आणि शेवटच्या फेरीपर्यंत न्यायची. ज्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचंय, तो अशीच गाडी चालवतो. याला हरणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

[डोव्हरचा ट्रॅक. एकटी गाडी उताराच्या वळणात शिरते.]

सप्टेंबर 1978, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं डोव्हर. एक मैलाचा ट्रॅक, 24 अंश कललेली वळणं. शर्यतीत कुणी कुठे उभं राहायचं, ते आधी एकट्यानं गाडी पळवून ठरतं. बहुतेकांच्या गाड्यांना गुडइयरचे टायर होते. जे.डी.नं मॅक्रिअरी या छोट्या कंपनीचे लावले. गाडी वळणात शिरली, टायरनं रस्ता धरला आणि घड्याळात सगळ्यांत वेगवान वेळ लागली. सलग तिसऱ्या अजिंक्यपदाकडे निघालेला केल यारबरोसुद्धा मागे! सगळ्यांत पुढची जागा सत्तर नंबरच्या गाडीला.

प्रत्यक्ष शर्यतीत इंजिननं दगा दिला. पण त्या एका जागेमुळे फेब्रुवारी 1979 मध्ये डेटोनाला पहिल्या बुश क्लॅश शर्यतीचं बोलावणं आलं. आधीच्या मोसमात पहिली जागा पटकावलेल्यांनाच तिथे प्रवेश होता. देशभरातून नऊ गाड्या. त्यांतली एक सॅनफर्डच्या या माणसाची.

[वॉटकिन्स ग्लेन. रिकामा ट्रॅक.]

11 ऑगस्ट 1991. पाचव्या फेरीत एका वळणाकडे जाताना पुढचं चाक निखळलं. जे.डी. जागच्या जागी गेला, वय 52. पुढच्या वर्षी त्या वळणाआधी वेग कमी करणारा नवा वळसा बांधला गेला.

[शेवटचं दृश्य: छोटा ट्रॅक, रात्रीचे दिवे.]

आदल्याच रात्री ओवेगो गावच्या शांग्री-ला ट्रॅकवर तो एका छोट्या शर्यतीत उतरला होता. ती त्यानं जिंकली होती. 653 मध्ये ती धरलेली नाही.